पुस्तकांचा हजेरीपट

लायब्ररीचीही मास्टर डिग्री असते ही बातमी वैनगंगा कॉलनीत १९७९ च्या जूनमध्ये पोचली, आणि कॉलनीनं ती साफ नाकारली. कोराडी रोडवरच्या वैनगंगा फाउंड्रीची ही कॉलनी म्हणजे चौऱ्याऐंशी क्वार्टर, एक पाण्याची टाकी आणि एक क्लब. इथल्या लोकांनी आयटीआय पाहिली होती, डिप्लोमा पाहिला होता. एक जण डॉक्टर व्हायला गेला आणि कंपाउंडर होऊन परत आला, त्यालाही कॉलनीनं मोठ्या मनानं सांभाळून घेतलं होतं. पण पुस्तकं कपाटात लावायला शिकायचं, आणि त्यासाठी बारावीनंतर पाच वर्षं घालवायची! स्टोअरचे हेडक्लार्क मधुकरराव, ज्यांना विचारल्याशिवाय कॉलनीत कोणी सायकलसुद्धा घेत नसे, ते म्हणाले, "पुस्तक वाचाले एम.ए. लागते, हे समजलं बा मले. मांडाले कायले लागते?"

बातमी निघाली होती क्वार्टर नंबर बावीसमधून. तिथं फाउंड्रीचे टाइमकीपर, म्हणजे कामगारांची हजेरी मांडणारे, ताराचंद रामटेके राहत, आणि त्यांची मुलगी प्रेमिला नुकतीच बारावी पास झाली होती. तिच्या शाळेत लायब्ररीच्या एक बाई होत्या. त्यांना स्वतःची खुर्ची होती, डोक्यावर पंखा होता, आणि त्यांच्या खोलीत मोठ्यानं बोलायची कोणालाही परवानगी नव्हती, हेडमास्तरांनासुद्धा. दोन खोल्यांत सहा माणसं, एक रेडिओ आणि शेजारची भांडी ऐकत वाढलेल्या पोरीला याहून मोठं राज्य कोणतं दिसणार? तिनं बाईंकडून सगळा रस्ता समजून घेतला होता. तीन वर्षं बी.ए., मग एक वर्ष बी.लिब., मग एक वर्ष एम.लिब. आणि एके दिवशी वडिलांच्या ताटात दुसरी भाकर वाढता वाढता तिनं तो रस्ता सांगून टाकला.

दुसरा कोणी बाप असता तर त्याला ठसका लागला असता. ताराचंदभाऊंनी बोटं मोजली, "म्हणजे चौऱ्याऐंशीच्या जूनमधी मोकळी," एवढं म्हटलं आणि घास गिळला. एकोणीस वर्षांच्या नोकरीत ते एक मिनिट उशिरा गेले नव्हते. जगात अवघड असं काही नसतं, फक्त त्याचं टाइमटेबल कोणी केलेलं नसतं, असं त्यांचं ठाम मत होतं. शिवाय दुसरंही एक कारण होतं, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. त्यांचे वडील लहानू यांना अक्षर ओळखता येत नव्हतं. छप्पन साली नागपुरात दीक्षा घेऊन घरी येताना त्यांनी एक पुस्तक विकत आणलं, निळ्या फडक्यात बांधून फळीवर ठेवलं, आणि रोज संध्याकाळी ताराचंदकडून त्यातलं एक पान वाचून घेतलं. मरेपर्यंत. ज्या घरात एका पुस्तकासाठी फळी ठोकली गेली, त्या घरच्या पोरीनं सगळ्याच फळ्या मागितल्या, तर त्यात हसण्यासारखं काय होतं?

पंचफुलाबाईंना, म्हणजे प्रेमिलाच्या आईला, हसूही आलं नाही आणि पटलंही नाही. त्यांच्या बहिणीनं, जयवंतानं, कन्हानचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. मुलगा कोळसा खाणीच्या ऑफिसात कारकून, घरची लूना, आणि थांबायला तयार. दोन दिवस अबोला झाला, तिसऱ्या दिवशी तह झाला. बी.ए. होऊ द्यायचं. ते झाल्यावर त्याच वर्षी बी.लिब.ला नंबर लागला तर पुढचं शिक्षण. नाही लागला तर लगेच कन्हान. प्रेमिलानं मान हलवली. तिच्याजवळ तीन वर्षं होती आणि समोर एकच दार.

आता प्रश्न होता तो हे सगळं परवडेल कसं याचा. रोज बसनं शहरात, कॉलेजची फी, वर डब्बा, आणि मागून येणारी तीन भावंडं. ताराचंदभाऊ मधुकररावांकडे गेले. मधुकररावांनी डोळे मिटले. ते डोळे मिटायचे तेव्हा सल्ला मोठा असायचा. कॉलेजात जायचंच नाही, म्हणाले. बहिःस्थ विद्यार्थी म्हणून फॉर्म भरायचा, घरी अभ्यास, परीक्षेपुरतं शहरात. बस वाचली, फी वाचली. पण खरा हुकमाचा पत्ता वेगळाच होता. बी.लिब.च्या जागा मोजक्या, आणि त्यांतल्या चार म्हणे अशा लोकांसाठी, ज्यांनी मान्यता असलेल्या वाचनालयात तीन वर्षं काम केलं आहे.

ताराचंदभाऊ अर्धी रजा टाकून विद्यापीठात गेले, खिडकीवर खात्री करून आले. गोष्ट खरी निघाली. दाखला पाहिजे होता पूर्ण तीन वर्षांचा. परतीच्या बसमध्ये त्यांच्या डोक्यात टाइमटेबल तयार झालं. पोरगी तीन वर्षं घरीच असणार. त्याच तीन वर्षांत तिनं वाचनालयात काम केलं, तर बी.ए. आणि अनुभव एकाच वेळी. अडचण एवढीच होती की कॉलनीत वाचनालय नव्हतं. ही काही फार मोठी अडचण नव्हे, असं त्यांना त्या दिवशी वाटलं.

क्लबात कॅरमच्या खोलीशेजारी एक कोठडी रिकामी होती. तिच्यासाठी कल्याण अधिकाऱ्यांकडे अर्ज गेला, अर्जावर "चर्चा करा" असा शेरा आला, चर्चा झाली, आणि एक जुलैला कोठडी मिळाली. अधिकारी पदसिद्ध अध्यक्ष, ताराचंदभाऊ सचिव, प्रेमिला ग्रंथपाल. मग पुस्तकं गोळा करायला बापलेक घरोघर फिरले. लोकांनी सढळ हातानं दिलं. वाचनालयाला द्यायचं ते आपण वाचलं असलंच पाहिजे असं कुठं आहे? सतरा वर्षांची पंचांगं आली. डिझेल इंजिन दुरुस्तीची तीन पुस्तकं आली. शेवटची पानं गेलेल्या रहस्यकथा इतक्या आल्या की कॉलनीत त्या वर्षी एकही खुनी पकडला गेला नाही. एका घरानं तर लग्नाचा अल्बम दिला आणि आठवड्यानं रडत परत नेला. तीनशे पुस्तकं जमली. कोराडीच्या वीजघराकडून वारा आला की त्यांच्यावर राख बसायची, आणि प्रेमिला सकाळी फडकं घेऊन ती पुसायची.

ही पुस्तकं मांडायची कशी, हे प्रेमिलाला ठाऊक नव्हतं, कारण ते बी.लिब.मध्ये शिकवतात. पण ताराचंदभाऊंना ते ठाऊक होतं. पुस्तक म्हणजे काय? कामाला येतं, कामाहून जातं, कधी कधी येतच नाही. म्हणजे कामगारच की! त्यांनी मधुकररावांकडून भंगारात निघालेले तीनशे पितळी बिल्ले मिळवले, ठेकेदाराच्या जुन्या मजुरांचे, नंबर कोरलेले. प्रत्येक पुस्तकाला एक बिल्ला सुतळीनं बांधला. भिंतीवर फळी ठोकून तिच्यावर क्वार्टरच्या नंबरानं चौऱ्याऐंशी खिळे मारले. पुस्तक ज्याच्या घरी गेलं, त्या घराच्या खिळ्यावर पुस्तकाचा बिल्ला सोडून अडकवायचा. शिवाय टाइम ऑफिसचे छापील हजेरीपट आणले. त्यांत नाव या रकान्यात पुस्तकाचं नाव, पत्ता या रकान्यात ते सध्या जिथं आहे तो क्वार्टर, आणि रोजची हजेरी. कपाटात असेल तर "ह", बाहेर असेल तर "गै". सगळ्यात वरच्या ओळीत ग्रंथपालाचं नाव, तिचीही हजेरी. सख्ख्या पोरीची हजेरी मांडणारा बाप असतो का, म्हणून पंचफुलाबाईंनी कपाळाला हात लावला. पण ताराचंदभाऊंचं म्हणणं असं की, दाखला खरा पाहिजे तर हजेरीही खरी पाहिजे. बारा मिनिटं उशीर झाला तर त्यांनी पोरीचा अर्धा दिवस मांडला, आणि पोरगीही बापाचीच, तिनं तो मांडू दिला.

आणि नवल म्हणजे हे चाललं. कोणतंही पुस्तक विचारा, प्रेमिला फळीकडे पाहून सांगायची की ते बाराव्या क्वार्टरमध्ये आहे आणि तिथल्या आजींना आज बरं नाही. पहिलं वर्ष असं गेलं. बी.ए.चा पहिला भाग निघाला. मान्यतेसाठी जिल्ह्याच्या ग्रंथालय निरीक्षकांकडे अर्ज गेला. ताराचंदभाऊ क्लबाच्या पायरीवर बसून विडी ओढताना असे दिसायचे, की आता एम.लिब.च्या पदवीचा कागद टपालात टाकला गेला आहे आणि फक्त यायचा आहे.

घोळ झाला दुसऱ्या वर्षी, मार्चमध्ये, आणि त्यात ताराचंदभाऊंचा काडीचा दोष नव्हता, असं ते आजही म्हणतात. महिनाअखेरीला हजेरीची बेरीज करायला ते पुस्तकांचा हजेरीपट ऑफिसात आणायचे, जेवणाच्या सुट्टीत. त्या महिन्यात प्रेमिलाला परीक्षेला न्यायचं म्हणून त्यांनी तीन दिवस रजा घेतली, आणि हजेरीपट राहिला टेबलावर. त्यांच्या जागी बसले ओमप्रकाश. सत्तावीस वर्षं नोकरी, निवृत्तीला चार वर्षं, आणि कायदा तोंडपाठ. कोणत्याही फॉर्मवरचं नाव त्यांनी कधी वाचलं नव्हतं. नाव ते नुसतं उतरवत, वाचत फक्त खुणा. सलग दहा दिवस "गै" दिसला की कारणे दाखवा नोटीस, हा नियम. त्यांनी तेवीस नोटिसा भरल्या. वरिष्ठांनी गठ्ठ्यात सह्या केल्या, कारण गठ्ठ्यात सह्या करायच्या असतात. आणि शिपाई त्या पत्त्यावर वाटून आला.

दुपारपर्यंत कॉलनीत जो तो हातात कागद घेऊन दारात उभा होता. 'डिझेल इंजिन दुरुस्ती, भाग पहिला' यांना एक्केचाळीस दिवस विनापरवानगी गैरहजर राहिल्याबद्दल जाब विचारला होता. 'सुखी संसार' हे गृहस्थ नव्वद दिवस गायब होते, आणि ते राहत होते बिनलग्नाच्या तीन फिटरांच्या क्वार्टरमध्ये. पण खरी आग लागली एकोणतीस नंबरात. तिथं मोल्डिंग खात्यातले गोपाळराव आणि त्यांच्या पत्नी सिंधूताई राहायच्या, सावनेरकडचं शेतकरी घर. गोपाळराव ड्यूटीवर. नोटीस सिंधूताईंनी घेतली. तीवर लिहिलं होतं: कु. मंदाकिनी, क्वार्टर नंबर एकोणतीस, आपण दिनांक तीनपासून कामावर आलेल्या नाहीत, तीन दिवसांत समक्ष खुलासा करावा.

सिंधूताईंनी आधी पलंगाखाली पाहिलं. मग गोपाळराव घरी आल्यावर त्यांना पाहिलं. संध्याकाळी त्या नवऱ्याला पुढं घालून बावीस नंबरात आल्या, आणि त्यांच्या मागं अर्धी कॉलनी, धीर द्यायला म्हणून.

"ताराचंदभाऊ," सिंधूताई थंडपणे म्हणाल्या, आणि तो थंडपणा फार वाईट होता, "ही मंदाकिनी कोण हाये, अन् ते माह्या घरी काहून राहून राहिली, तेवढं मले सांगा."

गोपाळराव घामाघूम. त्यांना खरं माहीत होतं, पण ते सांगणं अवघड होतं. 'कु. मंदाकिनी' ही दोन भागांतली सामाजिक कादंबरी. घरी त्यांनी फोरमनच्या परीक्षेचं पुस्तक वाचतो असं सांगितलं होतं, आणि गादीखाली मंदाकिनी होती. ताराचंदभाऊंनी नोटीस हातात घेतली, सही पाहिली, फॉर्म नंबर पाहिला, आणि दोन्ही बरोबर होते. बोलली ती प्रेमिला. त्या दिवशी क्लबाला रंग देत होते, म्हणून तिनं फळी घरी आणून ठेवली होती. तिनं एकोणतिसाव्या खिळ्यावरचा बिल्ला काढून दाखवला.

"एकशे अठरा नंबर, काकू. हे भाग दुसरा. भाग पहिला माह्यापाशी हाये, वाचून पाहा. नाही पटलं तर काकाले बोला."

सिंधूताई पुस्तक घेऊन गेल्या. रात्री गोपाळराव व्हरांड्यात झोपले. सकाळी सिंधूताईंनी गादीखालचा भाग दुसरा काढून घेतला, तो नवऱ्याला परत म्हणून दिला नाही.

पण कल्याण अधिकाऱ्यांना हे प्रकरण इतकं गोड वाटलं नाही. फाउंड्रीनं तेवीस पुस्तकांना नोटिसा काढल्या ही गोष्ट वरपर्यंत गेली होती, आणि वरचे लोक हसले होते. अधिकारी सगळं सहन करतो, हसणं नाही. ताराचंदभाऊंना मेमो मिळाला. कारखान्याचे छापील फॉर्म खाजगी कामासाठी वापरले, भंगारातले पितळी बिल्ले वापरले, टाइम ऑफिसच्या नावलौकिकाला बाधा आणली. वीस वर्षांच्या कोऱ्या करकरीत सेवापुस्तकात पहिला ठपका. त्यांनी मेमो चार वेळा वाचला, त्यात दोन ठिकाणी तारीख चुकली होती ती दुरुस्त केली, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. गुरुवारी कोठडीला कुलूप लागलं. आणि सोमवारी निरीक्षक येणार होते, मान्यतेची तपासणी करायला. मान्यता नाही तर दाखला नाही. दाखला नाही तर कन्हान. पंचफुलाबाईंनी बहिणीला अजून काही कळवलं नव्हतं, पण पोस्टकार्ड आणून ठेवलं होतं.

इकडं नोटिसांचा परिणाम निराळाच होत होता. छापील कागदाची भीती मोठी. ज्यांना नोटीस आली त्यांनी पुस्तक परत आणलं, ज्यांना आली नाही त्यांतल्याही बहुतेकांनी आणलं, आणि ज्यांनी कधी नेलंच नव्हतं त्यांनी, उगाच भानगड नको म्हणून, घरात जे छापील सापडलं ते आणलं. कोठडीला कुलूप, म्हणून सगळं बावीस नंबरच्या व्हरांड्यात. कीर्तनाच्या पोथ्या, शाळेची पुस्तकं, सावनेरच्या कोणा मास्तरांचं १९५१ साली हरवलेलं व्याकरण. प्रेमिला अभ्यास सोडून ते लावत बसली. जे आपलं नाही ते वेगळं, त्यालाही नंबर.

निरीक्षक सोमवारी आले ते कुलूप पाहून, आणि कुलपाकडून बावीस नंबरात. उन्हानं लाल झालेले, पाणी पिऊन लगेच परत जायच्या बेतात. ताराचंदभाऊंनी त्यांना खुर्ची दिली आणि उभं राहून सगळं सांगितलं, मेमोसकट, काही न लपवता. आपली पद्धत जगात दुसरीकडं कुठं नाही हेही सांगितलं. ते तर खरंच होतं. निरीक्षकांनी दोन-चार बिल्ले उलटसुलट करून पाहिले. मग त्यांनी अचानक विचारलं, "सत्त्याहत्तर नंबर कुठं आहे?"

प्रेमिलानं फळीकडं नजर टाकली. "क्वार्टर एकतीस, वसंतभाऊ. रात्रपाळी आहे त्यांची, आता झोपले असतील."

निरीक्षक उठले. एकतीसमध्ये वसंतभाऊ झोपलेलेच होते, आणि सत्त्याहत्तर नंबर त्यांच्या छातीवर उघडा पडला होता. डोळे उघडून समोर सरकारी माणूस पाहताच, नोटीस मिळाली नाही साहेब, असं म्हणून त्यांनी पुस्तक पुढं केलं. निरीक्षकांनी आणखी दोन नंबर विचारले, दोन्ही सापडले. परत आल्यावर त्यांनी वहीत काय लिहिलं ते प्रेमिलानं उलटं वाचलं: "परत आलेल्या ग्रंथांचे प्रमाण दिलेल्या ग्रंथांहून अधिक. असे उदाहरण पाहण्यात नाही." मान्यता मिळाली, आणि हजेरीपट पहिल्या दिवसापासूनचा असल्यामुळं पहिल्या दिवसापासूनची मिळाली. महिन्याभरात फाउंड्रीला अभिनंदनाचं पत्र आलं. कल्याण अधिकाऱ्यांनी कुलूप स्वतः काढलं आणि दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली. ताराचंदभाऊंच्या सेवापुस्तकातला ठपका काढायचा मात्र कोणी विचारही केला नाही. तो तसाच आहे, अभिनंदनाच्या नोंदीच्या बरोबर वर.

ब्याऐंशीच्या जूनमध्ये प्रेमिला बी.ए. झाली, दुसऱ्या वर्गात. बी.लिब.च्या अर्जाची शेवटची तारीख पाच जुलै. ताराचंदभाऊ दोन जुलैला विद्यापीठाच्या खिडकीवर अर्ज घेऊन उभे राहिले, सगळे कागद टाचणीनं लावून, छाती पुढं काढून. आतल्या बाबूनं दाखला वाचला. वाचनालयाचे सचिव, ताराचंद रामटेके. उमेदवार, प्रेमिला ताराचंद रामटेके. त्यानं चष्म्यावरून पाहिलं आणि नम्रपणे सांगितलं की बापानं मुलीला दिलेला दाखला चालत नाही, दुसऱ्या कोणाची सही आणा. अध्यक्ष चालले असते, पण ते रजेवर गावाला गेले होते.

त्या संध्याकाळी ताराचंदभाऊंनी सचिवपदाचा राजीनामा लिहिला, स्वतःलाच सादर केला, सचिव या नात्यानं तो जड अंतःकरणानं मंजूर केला, आणि मग नवा सचिव कोण हा प्रश्न आला. मधुकररावांनी डोळे मिटले, पण या वेळी सल्ला आला नाही. सही करायची म्हटल्यावर त्यांचे डोळे मिटलेलेच राहिले. तेव्हा सिंधूताई म्हणाल्या, "मी होतो सचिव." वाचनालयातली शेवटची पानं असलेली सगळी पुस्तकं त्यांनी तोवर वाचून संपवली होती. बिनविरोध निवड झाली.

पण सिंधूताई सही करणाऱ्यांतल्या नव्हत्या, तपासणाऱ्यांतल्या होत्या. त्यांनी तीन वर्षांचा हजेरीपट मांडीवर घेतला आणि बोट ठेवून एकेक दिवस मोजला. शेवटी मान वर केली. प्रेमिलाचे, परीक्षा, दुखणं आणि उशिराचे अर्धे धरून, एकोणीस दिवस गैरहजर. तीन वर्षं पूर्ण भरत नव्हती.

ताराचंदभाऊंनी ते एकोणीस दिवस ओळखले, सगळे त्यांच्याच अक्षरात होते, निळ्या शाईत, सुवाच्य. खोडायचं का, असं कोणीतरी दारातून पुटपुटलं. त्यांनी मान हलवली. नाही. पण मान हलवताना त्यांचं तोंड असं झालं होतं की प्रेमिलाला ते पाहवेना. पंचफुलाबाई आत गेल्या आणि पोस्टकार्ड घेऊन बाहेर आल्या.

"रोजच्या रोज पोरीचा हिशोब मांडला तुमी," त्या म्हणाल्या. "एक दिवस तरी तिचे बाप व्हायचं होतं."

सिंधूताईंचं बोट अजून कागदावरच होतं. छापील हजेरीपटात रविवारचा रकाना लाल असतो, सुट्टीचा, रिकामा. हे रकाने रिकामे नव्हते. कॉलनीला पुस्तक बदलायला रविवारच मोकळा, म्हणून प्रेमिला दर रविवारी कोठडी उघडायची, आणि ताराचंदभाऊ लाल रकान्यात गुपचूप "ह" मांडायचे, कारण जे खरं ते खरं.

"थांब वं पंचफुला," त्या म्हणाल्या. "आमच्या माणसाले सुट्टीच्या दिवशी बोलावलं त बदली सुट्टी भेटते का नाही? दीडशे रविवार आली हे पोरगी. एकोणीस गेले त्यातून. तुमचाच कायदा हाये, ताराचंदभाऊ, बोला."

ताराचंदभाऊंनी तोंड उघडलं, कायदा आठवला, कलम आठवलं, आणि खाली बसले. बदली सुट्टी. बावीस वर्षं ती त्यांनी हजारो माणसांना मोजून दिली होती; घरातल्या माणसाची तेवढी विसरले. सिंधूताईंनी दाखल्यात सगळं सविस्तर लिहिलं, एकोणीस आणि दीडशे दोन्ही, आणि खाली आपली सही केली, सावकाश, पूर्ण नावानं. खिडकीवरच्या बाबूनं तो दाखला दोनदा वाचला, आत जाऊन कोणाला तरी दाखवला, आणि शिक्का मारला.

मुलाखतीला पंधरा जण होते. प्रेमिला परत आली तेव्हा सगळी कॉलनी व्हरांड्यात. काय विचारलं, तर प्राध्यापकांनी विचारलं होतं की ग्रंथपालाचं पहिलं काम काय. बाकीच्यांनी पुस्तकातली मोठी मोठी उत्तरं दिली. ती म्हणाली होती, दार उघडल्याबरोबर कोण कुठं आहे ते माहीत पाहिजे. त्यांनी विचारलं, हे कोणत्या पुस्तकात आहे?

"मंग तू काय सांगतलं?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"म्हटलं, पुस्तकात नाही जी. माहे बाबा टाइमकीपर आहेत."

ताराचंदभाऊ उठून पाणी प्यायला आत गेले आणि बराच वेळ पाणी पीत राहिले.

आठवड्यानं यादी लागली. चार जागांमध्ये प्रेमिलाचं नाव तिसरं होतं. पोस्टकार्ड पंचफुलाबाईंनी वाया घालवलं नाही. त्यावर त्यांनी जयवंताला लिहिलं की चौऱ्याऐंशीच्या जूनपर्यंत पोरगी रिकामी नाही, लूनावाल्याला थांबायचं तर थांबू दे. वाचनालय सिंधूताईंनी हाती घेतलं, आणि पहिल्याच दिवशी गोपाळरावांना दंड केला.

बी.लिब.चा पहिला दिवस सोमवार होता. सातची बस उशिरा आली. ताराचंदभाऊ स्टॉपवर पोरीसोबत उभे राहिले, तिला खिडकीजवळ जागा मिळाली का पाहिलं, बस टाकीच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं, आणि नंतरही थोडं पाहिलं. फाउंड्रीच्या गेटवर ते पोचले तेव्हा भोंगा होऊन अकरा मिनिटं झाली होती. गेटवरचे मजूर भोंग्याकडं पाहू लागले. ताराचंदभाऊ टाइम ऑफिसात गेले, लाल शाईचा पेन उचलला आणि स्वतःच्या नावापुढं "उशिरा" मांडलं. पुढं कारणाचा रकाना असतो, त्यात त्यांनी लिहिलं: पोरगी कॉलेजात गेली.

संध्याकाळी तो कागद ओमप्रकाशच्या टेबलावर गेला. ओमप्रकाशनी सवयीनं खूण पाहिली, शिक्का उचलला, आणि थांबले. त्यांनी चष्मा लावला. मग ते कारण वाचलं, नोकरीत पहिल्यांदाच, आणि बाजूला लिहिलं: मान्य.